साताच्या गाडीचं कडवं

आमच्या भागात नवरदेवाला मांडवात यायला उशीर झाला की बँडवाल्याला काही सांगावं लागत नाही. तो आपणहून ते गाणं धरतो आणि नवरीकडच्या बायका टाळ्या पिटत म्हणायला लागतात:

तिनाची गाडी आली गं बाई, सगळ्यांचं आलं, माझंच न्हाई.
पाचाची गाडी आली गं बाई, चहा निवला, माझंच न्हाई.

मूळ गाणं एवढंच. पुढं ज्याला जे सुचेल ते तो जोडतो. आमच्या शाळेतले खेळाचे सर शिरोळचे. त्यांच्या मते हे गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर जन्मलं आणि त्यात पहिल्यापासून कारखान्याचा भोंगा आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतली माझी घरमालकीण छातीवर हात ठेवून सांगते की गाणं पेठेतलंच, तिच्या सासूनं ऐकलेलं. मी दोघांनाही खरं काय ते सांगून पाहिलं. दोघांनीही माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. मग मी नाद सोडला.

खरं सांगायचं तर गाण्यातल्या बाईला ज्याची वाट बघावी लागते तो माणूस माझा काका आहे, म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. हुपरीत राहतो, आणि चाळीस वर्षं या गाण्याशी भांडतो आहे.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम. मावशीच्या घराच्या पुढच्या सोप्यात दुपारची जेवणं आटोपली की शेजारच्या चार-पाच बायका जमायच्या आणि चिमट्यानं बारीक बारीक कड्या एकमेकींत अडकवत पैंजणाच्या साखळ्या करायच्या. काका आठवड्यातनं एकदा तयार पैंजण घेऊन कोल्हापूरला गुजरीत, सराफ बाजारात, जायचा. एकदा जाताना त्यानं ऐटीत सांगितलं, तिनाच्या गाडीनं परत येतो. तिनाची गाडी आली, शेजारणींचे नवरे उतरून आपापल्या घरी गेले, काका नाही. मावशीनं मान वर न करता, हातातली कडी न सोडता पहिली ओळ म्हटली. पाचाची गाडी आल्यावर दुसरी. साताला काका दारात उभा राहिला तेव्हा सगळ्या बायका त्याच्या तोंडावरच गात होत्या. एकीला इतकं हसू आलं की तिच्या मांडीवरचं कड्यांचं ताट उपडं झालं.

उशीर का झाला? काका म्हणतो, व्यापाऱ्यानं वजनाला बसवून ठेवलं. मावशी म्हणते, विजारीच्या काठाला कुस्तीच्या मैदानाची तांबडी माती होती. मी कुणाची बाजू घेत नाही, पण माती खोटं बोलत नाही.

त्या बायकांपैकी एकीची मुलगी शिरोळला दिली होती, ती गाणं सासरी घेऊन गेली. दुसरीचा भाऊ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दोन-तीन लग्नसराया उलटेपर्यंत काका जिल्हाभर गाजला, फक्त तो काकाच आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

त्याची तक्रार उशिराबद्दल नव्हतीच. त्याचं म्हणणं एकच, "आरं, पण मी आलोतो की! साताच्या गाडीनं आलोतो! ह्या बाईनं मला चाळीस वर्सं कोल्हापुरातच बशिवलंय!" म्हणून त्यानं स्वतः एक कडवं रचलं:

साताची गाडी आली गं बाई, माझं बी आलं, उशीर न्हाई.

दर लग्नात तो बँडवाल्याला बाजूला घेऊन हे कडवं शिकवायला बघायचा. बँडवाले 'व्हय पावणं, व्हय' म्हणायचे आणि भोंग्याचं कडवं वाजवायचे. नवरा घरी येतो अशा गाण्यावर नाचायचं कशाला, हा त्यांचाही प्रश्न रास्तच. अलीकडं कुठल्या तरी पोरीनं या गाण्यावर व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं, 'पारंपरिक'. तो मीच काकाला दाखवला, हा माझा गाढवपणा. "पारंपरिक म्हंजे? मी अजून जित्ता हाय!" म्हणून त्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मावशीनं त्याचं कडवं कधीच म्हटलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, म्हण की एकदा, म्हाताऱ्याचा जीव थंड होईल. त्यावर ती म्हणाली, "अगं, गाणं कामाचं हाय. त्यो आला की मला उठाय लागतंय, चहा टाकाय लागतोय, बायका बी घरला जात्यात. त्यो येत न्हाई तवर काम चालतंय." आणि जरा थांबून, "शिवाय म्हणं उशीर न्हाई! तोंड बघा!"

यंदा काकाच्या छातीत दुखलं. कोल्हापुरातल्या दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरांनी बायपास करायची म्हणून सांगितलं. मावशीचे गुडघे पार गेलेले, तिला जिना चढता येत नाही. ती हुपरीतच राहिली. दवाखान्यात त्यांचा मुलगा आणि डबा घेऊन जाणारी मी. रोज संध्याकाळी मी तिला फोन करून त्यानं काय खाल्लं, कसा बोलला, सगळं सांगायची. ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी नर्सच्या फोनवर तेच गाणं वाजलं. काका नळ्या लावलेला हात वर करून म्हणाला, "बाई, त्यो गडी म्हंजे मीच." नर्सनं काळजीनं माझ्याकडं बघितलं आणि भुलीचा अंमल कधी कधी राहतो, असं हळूच सांगितलं.

त्या रात्री जेवताना मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण संध्याकाळी मावशी फोनवर जे बोलली ते माझ्या डोक्यातनं जात नव्हतं. बायका सोप्यात येत होत्या, कड्या जोडत होत्या, पण गाणं तिनं बंद केलं होतं. एकीनं सवयीनं 'तिनाची गाडी' सुरू केलं तेव्हा मावशी तिच्यावर खेकसली. मला म्हणाली, "नको गं ते गाणं. तिनाची म्हटली की पुढं पाचाची म्हणाय लागती." जन्मभर ज्या गाण्यात तिनं नवऱ्याची चेष्टा केली, त्याच गाण्याची तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. मी तिला धीराचे चार शब्द सांगितले आणि फोन ठेवून रडले.

दहाव्या दिवशी काकाला सोडलं. सकाळीच सोडतो म्हणाले, पण कागदपत्रांत आणि औषधांत दुपार गेली. मावशीचे फोन सुरूच. तिनाला आला, पाचाला आला. पाचाच्या फोनला तिनं काहीच विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाली. काका गाडीत मागं उशीला टेकून बसला होता, आणि उशीर आपल्यामुळं नाही हे मी मावशीला नीट समजावून सांगावं, असं हुपरी येईपर्यंत बजावत होता.

पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. सोप्यात बायका अजून बसल्या होत्या, एकही घरी गेली नव्हती. त्याच्या मुलानं त्याला धरून उतरवलं. काका पायरीपाशी थांबला, दम खाल्ला. मावशीनं मान वर केली. हातात अर्धी जोडलेली साखळी. मला वाटलं, आता विजारीचा काठ बघून काहीतरी बोलणार.

ती गायला लागली. आवाज फाटका होता, पण चाल तीच.

साताची गाडी आली गं बाई, माझं बी आलं...

इथं ती अडली. काका या कडव्यासाठी चाळीस वर्षं भांडला आणि आता त्याला उरलेले दोन शब्द सुचत नव्हते. मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि शेवटचं तेही म्हणून टाकलं, "उशीर न्हाई."

बायकांनी चिमटे खाली ठेवले. काकाचे डोळे वाहत होते, पण सवय जाते होय? म्हणाला, "थांबलीस का? म्हण की आणि फुडं."

"आता फुडं काय म्हणू?" मावशी गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणाली. "आलासा न्हवं."

आणि ती चहा टाकायला आत गेली.