काबेल राणी आणि केशरबाई

पाटोद्याजवळच्या एका गावात केशरबाई सरपंच होऊन दोन वर्षं झाली होती, पण खुर्चीत बसायचे ते त्यांचे मालक सुंदरराव. केशरबाई घरी सह्या तेवढ्या करायच्या.

अंबाजोगाईला इतिहास शिकणारी त्यांची मुलगी रोहिणी सुट्टीत आली. शेंगा फोडता फोडता ती आईला मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या काबेल राणीची गोष्ट सांगू लागली. तेराशे वर्षांपूर्वी वाका नगरात तिचा मान राजाहून, म्हणजे खुद्द नवऱ्याहून मोठा होता.

"नावातच काबील हाय की!" केशरबाई हसल्या. "पर नवरा रुसला न्हाई?"

"न्हाई. दोघांनी मिळून वीसेक वर्षं राज्य केलं."

दुसऱ्या दिवशी केशरबाई ग्रामसभेला सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि थेट सरपंचाच्या खुर्चीत बसल्या. सुंदरराव दारातच थबकले. केशरबाईंनी पदर सावरून अंगणवाडीच्या गळक्या छपराचा विषय काढला आणि ठराव मंजूर करून घेतला.

मग मागं सतरंजीवर बसलेल्या सुंदररावांनी हात वर केला. "सरपंचबाई, आमच्या गल्लीतला दिवा कवाचा बंद हाय."

"अर्ज आणलाय का?"

सभा खो खो हसली. सुंदररावही हसले आणि शेजाऱ्याकडून कागद मागून घेऊन तिथंच अर्ज लिहायला बसले.