वन्संनी बेतलेली सायकल

ब्लाउज शिवायला टाकावा तशी सायकलही माप देऊन करून घ्यायची असते, ती बेतता येते, तिची ट्रायल घेता येते आणि नाहीच बसली तर पुन्हा उसवताही येते, असं मानणारी बाई साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे आणि ती नेमकी माझी नणंद आहे. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून मी लग्नाच्या दिवसापासून त्यांना वन्सं म्हणते. आता गल्लीतला इस्त्रीवालाही त्यांना वन्संच म्हणतो, आणि त्या त्याला ओ देतात. सदाशिव पेठेत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. त्यांतल्या पुढच्या खोलीत त्यांनी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर "माप जुळलं नाही" एवढंच सांगतात आणि पुढचा प्रश्न विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून असं बघतात, की तो आपल्याच शर्टाची बटणं चाचपायला लागतो.

आमच्या घराण्यात कुणालाही सायकल घ्यायची असली की आधी वन्संपुढे उभं राहावं लागतं. तेही अनवाणी, भिंतीला टाचा लावून. मग गळ्यातली टेप काढून त्या पायाची उंची, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी असं सगळं घेतात, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर खडूने खुणा करून त्या कागदाची घडी पिशवीत टाकतात. दुकानात गेल्यावर तो कागद सायकलवर धरून बघायचा. एकदा लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानदाराने हा प्रकार बराच वेळ सोसला आणि शेवटी म्हणाला, "ताई, ही सगळ्यांना बसते." वन्सं कागदाची घडी घालत म्हणाल्या, "सगळ्यांना बसते ती सतरंजी." आम्ही तिथून निघालो ते थेट जुन्या सायकलींच्या दुकानात. तसंही नव्या दुकानात त्या फक्त भाव कळावा म्हणून जातात, खरेदी जुनीच. पैसे दोनच गोष्टींवर खर्चायचे, ब्रेक आणि सीट. बाकी सगळी झालर, असं त्यांचं शास्त्र आहे. गिअर तर त्यांना मुळीच मान्य नाहीत. पुण्यात जेवढा चढ तेवढाच येताना उतार असतो, मग त्यासाठी वेगळे पैसे कसले मोजायचे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

फिटिंगच्या बाबतीत तर त्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. सायकलवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, तळवे पूर्ण, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. हल्लीची मुलं इंटरनेटवर बघून सांगतात, की पॅडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ हवा, म्हणजे सीट उंच हवी. आमचा एक भाचा आयटीत आहे. त्याने वन्संना मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. वन्संनी तो शेवटपर्यंत पाहिला, त्या माणसाच्या पॅन्टची शिवण चांगली आहे म्हणाल्या आणि पाना घेऊन भाच्याची सीट खाली केली. सायकल चालवली की गुडघे दुखतात, अशी त्याने पुढे तक्रार केली, तेव्हा त्यांनी त्याला तिळाच्या तेलाची बाटली पाठवून दिली. तो बिचारा वन्संच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत खाली केलेल्या सीटवर जायचा आणि कोपऱ्यावर ती वर करून घ्यायचा. हे वन्संना माहीत होतं की नाही ते मला माहीत नाही, पण त्याच्या सीटचा नट झिजल्यावर त्यांनी आपणहून नवा आणून दिला.

आणि सायकल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची म्हणजे तर लग्नघरची पाठवणीच. सायकल आडवी टाकायची नाही, कारण आडवी पडलेली सायकल जन्मभर कुरकुरते. तिला उघडी न्यायची नाही, कारण चेनचं तेल आपल्या कपड्यांना लागतं आणि रस्त्यावरची धूळ चेनला. ह्याच भाच्याने हडपसरच्या पुढे मांजरी गावात फ्लॅट घेतला, तेव्हा त्याची सायकल वन्संनी आपल्या आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळली, हँडलला परकराची खोळ घातली आणि भाजीच्या परतीच्या टेम्पोत ती उभी करून स्वतः तिला धरून मागे बसल्या. परतीचा टेम्पो निम्म्या भाड्यात येतो, हेही शास्त्रातलंच. हडपसरच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरच्या माणसाने ते जरीकाठी प्रकरण बघून चपला काढल्या, हात जोडले आणि कुठली देवी म्हणून विचारलं. "मांजरीची," वन्सं म्हणाल्या, आणि सिग्नल सुटला.

आता एवढं सगळ्यांचं माप घेणाऱ्या बाईची स्वतःची सायकल कशी असेल, असं कुणालाही वाटेल. ती त्यांच्या मापाची नव्हती, कधीच नव्हती. वाढत्या अंगाचं घ्यावं हा आमच्या सासरचा कुळाचार आहे. गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या, बुटात पुढे कापूस. वन्सं कॉलेजात जायला लागल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्याच हिशेबाने त्यांना मोठ्या चाकांची, उंच घोडी सायकल आणून दिली. सायकल वाट बघत राहिली; वन्सं काही वाढल्या नाहीत. त्या चढायच्या ओट्यावरून आणि उतरायच्या पायरीवर. मध्ये कुठे थांबायचं झालं तर फूटपाथ, कट्टा, दगड, काहीतरी लागायचंच. त्यामुळे पेठांमधल्या कुठल्या दुकानाची पायरी किती उंच आणि कुठला फूटपाथ कुठे तुटलाय हे त्यांना पाठ होतं. सिग्नल लाल झाला आणि कडेला टेकायला काही नसलं, तर त्या सरळ डावीकडे वळायच्या आणि टेकायला मिळेपर्यंत जात राहायच्या. मंडईत मेथी आणायला निघालेल्या वन्सं कधीकधी नागझरीपर्यंत जाऊन यायच्या. लोकांना वाटायचं, बाईंचा दांडगा उत्साह. मी एकदा म्हटलं, अहो वन्सं, तुम्ही आमच्यासाठी एवढं करता, स्वतःची बदला की. तर म्हणाल्या, "चालू वस्तू टाकून द्यायची?" पुण्यात ह्या प्रश्नाला उत्तर नसतं.

मागच्या वर्षी त्यांच्या नेहमीच्या वाण्याच्या दुकानापुढे फूटपाथचं काम निघालं आणि तिथली पायरी फोडून टाकली. वन्संनी दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने पाय टाकला, तर खाली पायरीच नव्हती. सायकल एकीकडे आणि वन्सं दुसरीकडे. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण सायकल जी भिंतीला लागली ती लागलीच. तिच्या हँडलवर त्या ब्लाउजांचे हँगर अडकवायला लागल्या, कॅरिअरवर अस्तराचे गठ्ठे. आमच्या ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणाले, सुटली एकदाची त्या धुडातून. मलाही तसंच वाटलं होतं. पण महिन्या-दोन महिन्यांत लक्षात आलं, की वन्सं घराबाहेरच पडत नाहीत. भाजी फोनवरून, औषधं फोनवरून. कुणाला सायकल घ्यायची असली तर मापं कागदावर लिहून पाठवा म्हणायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, चला, तुळशीबागेत जाऊन येऊ. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "रस्ते आता माझ्या ओळखीचे राहिले नाहीत गं." त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली. हाड मोडल्याची वाटली नव्हती, एवढी ह्याची वाटली. ही बाई अशीच खोलीत बसून राहिली तर आतून मिटून जाईल, असं मला दिसायला लागलं.

अशात विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी सायकल विकायला काढली. लहान चाकांची, बुटकी, मधला दांडा अगदी खाली, साडी नेसूनही सहज पाय टाकता येईल अशी. किंमतही आमच्या आवाक्यातली. वन्संसाठी घ्यायची म्हटलं असतं तर त्यांनी दारातूनच परत पाठवली असती, घरात चालू सायकल आहे म्हणून. मग मी एक मैत्रीण तयार केली. ऑफिसातली, भिडस्त, उंचीने अगदी तुमच्याएवढी, तिला सायकल हवीय पण दाखवायला यायला लाजते, असं वन्संना सांगितलं. वन्सं म्हणाल्या, माणूस आणल्याशिवाय मी माप घेत नाही. मी म्हटलं, सासरी गेलेल्या मुलीचा ब्लाउज तिच्या अंगलटीच्या बहिणीवर बेतता ना, तसं तुमच्यावरच बेता. हे क्लासमध्ये नेहमी चालायचं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. कितीतरी महिन्यांनी त्यांनी चपला घातल्या आणि रिक्षात बसून माझ्याबरोबर विश्रांतवाडीला आल्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांचं जे काही सुरू झालं ते बघायला वॉचमन खुर्ची घेऊन बसला. त्यांनी चाकं फिरवून पाहिली, आरे एकेक करून वाजवले, चेनला बोट लावून त्याचा वास घेतला. पुढचं टायर जुनं आहे म्हणून भावही पाडला, आणि मग त्या बाईंना त्यांच्या ब्लाउजचा खांदा का उतरतो तेही फुकट सांगितलं. सीट खाली घेतली, हँडल वर केलं, पुन्हा थोडं खाली. प्रत्येक वेळी त्या स्वतः बसून बघत होत्या, पण सायकल स्टँडवर. मैत्रिणीच्या चौकशा चालूच होत्या. पाय दुखतात का, पिशवी कुठल्या हाताला धरते. मग पाना हातात धरून एकदम म्हणाल्या, "मनगट कसं आहे तिचं?"

मी म्हटलं, डावं जरा नाजूक आहे.

"वाटलंच," त्या म्हणाल्या आणि डावा ब्रेक हलका करायला लागल्या.

नऊवारी आणि परकराची खोळ पिशवीत होतीच. परतीचा टेम्पोही त्यांनी फोन करून बोलावला होता. मैत्रीण भिडस्त आहे, तेव्हा सायकल दोन दिवस पेठेत माझ्याकडेच ठेवू, कुरकुर ऐकू, मग देऊ, असं त्यांनीच ठरवलं. मला तेच हवं होतं, म्हणून मी हूं केलं. टेम्पोवाल्याने पेठेच्या तोंडाशी आणून गाडी थांबवली आणि पुढे रस्ता खणलाय, टेम्पो जायचा नाही, म्हणून सांगितलं. सायकल उतरवून घेतली. वन्संनी तिची साडी सोडली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि थोडा वेळ सायकल हाताने ढकलत चालल्या. गल्ली जरा मोकळी लागल्यावर थांबल्या. म्हणाल्या, सीट घट्ट बसलीय का ते चालवल्याशिवाय कळायचं नाही, तू कॅरिअर धर. मी एका हाताने कॅरिअर धरलं, दुसऱ्या हातात नऊवारी. चार पावलं टाकली असतील नसतील, तोच नऊवारीचं टोक सुटून माझ्या पायात आलं. मी वाकले, हात सुटला आणि वन्सं गेल्या. कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या.

त्या कोपऱ्यापलीकडची गल्ली मला ठाऊक होती. तिथे दोन्ही बाजूंना खणून ठेवलं होतं. ना फूटपाथ, ना ओटा, ना पायरी. थांबायला काही म्हणजे काही नाही. मी साडी छातीशी कवटाळून धावत सुटले आणि तेवढ्यात कर्कश हॉर्न वाजला, पाठोपाठ ब्रेकचा आवाज. वन्संना पुन्हा घराबाहेर काढायची बुद्धी मला झाली, मीच खोटं बोलून हे सगळं जुळवून आणलं, आता ह्यांना काय तोंड दाखवू, असं काहीबाही मनात येत मी कोपरा वळले.

गल्लीच्या बरोबर मध्यभागी वन्सं सायकलवर बसलेल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीवर, तळवे पूर्ण टेकलेले. समोर हातभर अंतरावर स्कूटरवरची एक मुलगी घाबरून उभी होती. ती विचारत होती, "आजी, बऱ्या आहात ना? काय झालं?"

"काही नाही," वन्सं म्हणाल्या, "उभी आहे."

मुलगी बाजूने निघून गेली तरी वन्सं तशाच बसून राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते मी नऊवारीलाच पुसलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्यांनी एक पाय उचलला, पुन्हा टेकला. मग दुसरा. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अगं, जमीन इतकी जवळ असते होय? मला कुणी कधी सांगितलंच नाही."

त्यानंतर त्या घरापर्यंत चालवत गेल्या. वाटेत काही कारण नसताना उगीचच चार-पाचदा थांबल्या.

मैत्रिणीला सायकल द्यायची ती अजून दिलेली नाही. नवा कपडा एकदा धुतल्याशिवाय देऊ नये, तशी सायकलही थोडी वापरून, मऊ करूनच द्यावी, असं वन्संचं म्हणणं आहे. म्हणून सध्या त्या ती मऊ करताहेत. रोज मंडईत जातात, आणि आता सरळ रस्त्याने जातात. ओट्या-पायऱ्यांपायी जन्मभर घातलेले फेरे सुटले, तेव्हा उरलेल्या वेळाचं काय करायचं, हा त्यांना प्रश्न पडलाय. त्यावर उपाय म्हणून त्या मला फोन करतात. उंच घोडीवर ब्लाउज अजून टांगलेले असतात, कारण चालू वस्तू टाकून देत नाहीत. परवा फोनवर म्हणाल्या, चिवडा केलाय, येशील तेव्हा दोन डबे घेऊन जा. मी म्हटलं, दोन कशाला? पलीकडे सायकलची घंटी वाजली, बहुतेक सिग्नलला उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एक तुला. आणि एक तुझ्या त्या मैत्रिणीला. माप अगदी बरोबर दिलंन् हो तिनं."