घाट्याचा आवाज

ज्वारीच्या गरम घाट्याच्या मधोमध बोटानं खळगा करायचा, त्यात कच्चं तेल ओतायचं आणि बोटं भाजत कडेकडेनं खात सुटायचं. ज्यानं खाल्लं नाही त्याला हे सांगून कळणार नाही, तरी मी जन्मभर भेटेल त्याला सांगत आले. चांगली गोष्ट एकटीनं गिळून बसणं मला जमतच नाही. हा माझा गुण, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. याच गुणापायी मी एका बाईचं जे केलं ते मात्र आजवर कुणाजवळ बोलले नाही, कारण त्याची मला लाज वाटते.

माझं माहेर नवापूरकडचं, भात खाणारं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी लग्न होऊन तापीकाठच्या गावात आले, तर इथं उन्हाळा लागला की घरोघर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वर्षभर पुरणारे पापड. तीन दिवस भिजवलेली ज्वारी धुवायची, सुकवून दळायची, आणि तिखटमीठ, तीळ, लसूण घालून त्या पिठाचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. गल्लीतल्या बायका जमून गरम घाट्याचे गोळे ओल्या फडक्यावर थापायच्या आणि खाटांवर पसरलेल्या जुन्या लुगड्यांवर उलटायच्या. घाटा कच्चा उतरला तर दुपारच्या उन्हात बिबड्यांना भेगा पडून चुरा होतो. फार शिजला तर फडकं सोडत नाही. वर्षाची बेगमी त्या एका घटकेवर.

ती घटका आमच्या गावात एकाच बाईला कळायची. गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहणारी, मूलबाळ नसलेली विधवा. सगळे तिला जिजी म्हणत. हळदीला, बारशाला, डोहाळजेवणाला तिला कुणी बोलवत नसे. वाटेत समोर आली तरी काही बायका थबकत. पण बिबड्यांच्या दहाबारा दिवसांत घरची बाई स्वतः पहाटे तिच्या दारात जाऊन "जिजी, चला" म्हणायची. ती धुतलेलं लुगडं नेसून तयारच असायची. चुलीजवळ पाट मांडून बसायची, कशाला हात लावायची नाही, आणि मध्येच म्हणायची, "आते काढ." की पातेलं खाली. तिला वासावरून कळतं, असं कुणी म्हणे. रंगावरून, असं कुणी. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात मी आगाऊपणा केला. जिजी दुसऱ्या घरी होती, ऊन चढत होतं, आणि सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी घाटा झाला म्हणून पातेलं उतरवायला लावलं. दुपारी तीन खाटा भरून चुरा. गल्ली बघायला आली. नवापूरवालीनं बिबडे केले नाहीत, पाखरांना दाणे पसरले, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. सासूबाई एकट्याच चुरा सुपात गोळा करत राहिल्या, ते जास्त लागलं. मी गोठ्यामागे जाऊन रडले.

जिजी तिथं आली. तिनं काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी ज्या घरी तिला जायचं होतं तिथं मला बरोबर घेऊन गेली, चुलीपाशी जवळ बसवलं. मी पातेल्यात डोकावायला लागले तशी म्हणाली, "देखू नको. आयक."

कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर घाटा आधी फटफट उडत होता. मग ते फटफटणं जड झालं, लांबत गेलं. आणि एकदम घाटा गप्प झाला. क्षणभर काहीच नाही, मग आतून एक लांब उसासा, दमलेलं माणूस बसताना सोडतं तसा. तेव्हाच काढायचा. इतकंच! मला इतका आनंद झाला की हसूच आवरेना. रोज डोळ्यांसमोर शिजणाऱ्या वस्तूला आवाज असतो, हे त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर ती मला घरोघर नेऊ लागली. जाळ लागला की हळूच विचारायची, आता कसा आवाज आहे? मी सांगायची, ती मान हलवायची. घाट्यानं उसासा टाकला की मी तिच्या गुडघ्यावर हात दाबायचा, असं तिनंच ठरवून दिलं होतं. मी हात दाबला की ती म्हणायची, "आते काढ." मला वाटे, ती माझी परीक्षा घेते आहे. सोळा वर्षांची होते. आपल्याला सगळं येतं असं वाटायला तेवढं वय पुरतं.

शेवटचे बिबडे पाटलांच्या वाड्यात होते. तीस बायका तरी असतील, आणि त्यांतल्या कितीजणी माझ्या चुऱ्याला हसलेल्या. घाटा गप्प झाला. उसासा आला. माझा हात जिजीच्या गुडघ्यावर जायला हवा होता. तो गेला नाही. मी उठून मोठ्यानं म्हटलं, "आते काढा."

पाटलीणबाईंनी जिजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पातेलं उतरवायला लावलं. बिबडे असे निघाले की फडक्याला कणही चिकटला नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, "कोनी शिकाडं व तुले?"

जिजी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"कोनीच नही," मी म्हटलं. "मन्ही मीच शिकनू."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळ्या तोंडाकडे बघताहेत म्हटल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसरं पातेलं चढलं तेव्हा एकेकीला बोलावून कान लावायला लावला, फटफट कधी, उसासा कधी, सगळं फोडून सांगितलं. बायका खिदळत, पदर सावरत वाकत होत्या. चांगली गोष्ट वाटून टाकण्याचा माझा गुण! पाटलीणबाईंनी जिजीला सांगितलं, या पोरीनं स्वतः शोधून काढलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. जिजीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हा," ती म्हणाली. "तिना कान चांगला शे."

आणि तिनं आपला गुडघा पदराखाली ओढून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात घरोघर बायकांनी आपापले कान लावले. कुणाला साधलं, कुणाला नाही, पण जिजीच्या दारात कुणी गेलं नाही. आमच्या घरी बिबड्यांचा दिवस ठरला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, जिजीला बोलावू या. त्या म्हणाल्या, आता कशाला, तू आहेस ना. खरं सांगायची ती वेळ होती. मी पीठ चाळत राहिले.

त्या दिवशी घाटा उतरल्यावर मी एका थाळीत गरम घाटा घेतला, खळगा करून तेल ओतलं आणि गल्लीच्या टोकाला गेले. जिजी ओट्यावर बसली होती. धुतलेलं लुगडं नेसलेली. तिनं दोन घास खाल्ले, चांगला झालाय म्हणाली. मग यंदा बोलवायला कुणी आलं नाही, हे सहज सांगावं तसं म्हणाली, "आवंदा कोनी उनं नही."

मी खाली बघून म्हटलं, "जिजी, मी खोटं बोलनू. तुम्हीच शिकाडं मले."

ती खात राहिली. मला वाटलं, रागावली आहे. मी मान वर केली तर ती माझ्या ओठांकडे बघत होती, प्रश्न विचारल्यासारखी. मग तिनं हात कानामागे नेला आणि मान पुढे केली.

तेव्हा मला सगळं कळलं. आता कसा आवाज आहे, ही परीक्षा नव्हतीच. तिला ऐकू येईनासं झालं होतं. ते गल्लीला कळायच्या आत तिनं एक कान शोधला होता, गोठ्यामागे रडणाऱ्या पोरीचा, की आणखी चार उन्हाळे तरी पहाटे कुणी तिच्या दारात यावं.

समोरच्या ओट्यावर तिघीजणी तीळ निवडत बसल्या होत्या. जिजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलले असते, तर त्यांनाही ऐकू गेलं असतं.

जिजी कानामागे हात धरून वाट बघत होती. मी मान हलवली, काही नाही अशी खूण केली, आणि रिकामी थाळी घेऊन घरी आले.