युवराजासाठी मागितलेलं पीठ

"दाखव ना सगळ्यांना, कशी मागतेस ते," वहिनी म्हणाल्या.

हॉल पाहुण्यांनी भरलेला. मधे केक, केकवर साखरेचा मुकुट. मी ज्यांच्याकडं कामाला, त्या वहिनींच्या मुलाचा, युवराजचा वाढदिवस होता. माझ्या हातात माझीच परडी, वहिनींनी माझ्या बिछान्याखालून ओढून आणलेली. गळ्यात कवड्यांची माळ. तीही त्यांनीच घातली, फोटोत बरी दिसेल म्हणून.

मी मागितलं. आज सांगताना मान खाली जाते, पण मागितलं. परडी पुढं केली आणि म्हणाले, "आई राजा उदे उदे. जोगवा वाढा, माय." लोक हसले. कुणी परडीत वेफर टाकले. एका गृहस्थानं दिरहमचं नाणं टाकून विचारलं, "मावशी, सुट्टे आहेत का परत द्यायला?" पुन्हा हसणं. मग युवराज आला. तोंडाला क्रीम लागलेलं. हातातला उष्टा केक त्यानं परडीत टाकला.

"हिअर, बाई. टेक."

शाळेत जायला लागण्याआधी हा पोरगा मला माय म्हणायचा.

साहेब कोपऱ्यात ग्लासांत पेप्सी ओतत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मान वर केली नाही.

मी तुळजापूरजवळच्या एका गावची. गावाबाहेरच्या वस्तीतली. नवरा गेल्यावर देवीची माळ घेतली, आराधीण झाले. साहेब त्याच गावातल्या मोठ्या घरचे. त्यांच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्कांच्या ओसरीवर मी कधी चढले नाही. खाली अंगणात उभी राहायचे, वरून परडीत पीठ पडायचं, हात लागणार नाही इतक्या उंचावरून.

वहिनींची दोन मुलं जन्मून गेली. तिसरा हा. तो बाळ असताना आजारी पडला, तेव्हा आक्का ओसरी उतरून आमच्या वस्तीत आल्या. मागं साहेब, हात जोडून. आमच्याकडं रीत आहे. घरात पोरं जगत नसली की पुढच्याला मागून आणलेल्या पिठावर वाढवायचं. पाच घरचा जोगवा, त्याची भाकरी, त्यातला एक घास पोराच्या तोंडात. मागितलेल्या पोरावर कुणाचा डोळा नसतो. आक्का त्याला भिक्याच म्हणायच्या. युवराज हे नाव वहिनींचं.

साहेबांनी माझी माळ हातात धरली आणि मला शपथ घातली. पोराचे दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत मी त्याला राखायचं. मी हो म्हणाले. देवीच्या हातात तलवार आहे, माझ्या हातात परडी. पहारा एकच, असं मला वाटलं.

म्हणून मी साहेबांच्या घरी दुबईला आले, करामा भागात. कागदावर आया; शपथेचं वहिनींना ठाऊक नव्हतं. झोपायचे युवराजच्या दाराशी, जमिनीवर. एकदा तो हात सोडून रस्त्यात पळाला. मी त्याला ओढला आणि गाडी माझ्या डाव्या हाताला लागली. मनगट वाकडं बसलं. त्याच हातात मी परडी धरते.

मंगळवारी त्याच इमारतीतल्या पाच दारांत जोगव्याला जायचे. पहिल्यांदा भीती वाटली. भाषा येईना. कराचीच्या एका बाईनं दार उघडलं, परडी पाहिली. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "बच्चे के लिए है? तो ले जाओ, अम्मा." ओंजळ परडीत टेकवून तिनं पीठ घातलं. पाचही दारांत कुणी जात विचारली नाही.

वाढदिवसाला तीच बाई आली आणि वहिनींना सहज म्हणाली, "आटा और चाहिए तो अम्मा को भेज दीजिए." वहिनींचा चेहरा उतरला. पाहुणे ऐकत होते. आपली मोलकरीण शेजारी भीक मागते, हे झाकायचं कसं? त्यांनी त्याचा खेळ केला. खेळ झाला की लाज उरत नाही. त्यांची उरली नाही. माझ्यावर आली.

ती मी सोमवारपर्यंत वागवली. भांडी घासताना, इस्त्री करताना. मला वहिनींचा राग कमी आला, स्वतःचा जास्त. मी का म्हणाले? तोंड मिटून उभी राहिले असते तर कुणी काय केलं असतं?

मंगळवारी आंघोळ केली, माळ घातली, परडी घेतली, अनवाणी बाहेर पडले. दार ओढून घेतलं आणि त्याच दाराची बेल वाजवली.

वहिनींनी उघडलं. "हा काय तमाशा?"

"तमाशा शुक्रवारी झाला. हा जोगवा आहे. तुमच्या पोराचा. वाढा."

"वेड लागलंय का? आत ये."

"आत मोलकरीण येते. मी आराधीण म्हणून उभी आहे."

आजूबाजूची दारं उघडली. साहेब आले. "मावशी, खलास, बस झालं. लोक बघतायत."

"बघू द्या. वहिनींना सांगा, ही माळ कुणी धरली होती."

साहेबांनी नजर फरशीकडं वळवली. वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला कुणी बांधून घेतलं ते वहिनींना कळलं.

"हिला पाठवून दे," त्या म्हणाल्या. "उद्याच."

मी म्हणाले, "जाते. पण शपथ घातली तशीच सोडवायची. बाहेर येऊन, माळ धरून. नाहीतर मी इथून हलत नाही."

युवराज मागून विचारत होता, "पपा, व्हॉट डज शी वॉन्ट?"

साहेबांनी चपला काढल्या. उंबरा ओलांडून जिन्याजवळ आले, वाकले, सगळ्यांदेखत माझी माळ हातात धरली. "सुटली," म्हणाले.  मी पुन्हा, मोठ्यानं म्हणायला लावलं.

मग हात पुढं केला. "तुमच्याकडं ठेवलेला माझा पासपोर्ट."

तो पोरगा जगला, मोठा झाला, असं गावात ऐकते. बरं झालं. मी त्याला भेटायला गेले नाही, जाणारही नाही.

जोगवा मी अजून मागते. पण पूर्वीसारखा नाही. जिला वाढायचं तिनं ओसरी उतरून यावं, परडीला हात लावून वाढावं. वरून टाकलेलं पीठ मी तिथंच ओतते आणि पुढच्या दारी जाते. आणि कुणाच्या करमणुकीसाठी माझ्या तोंडून देवीचं नाव पुन्हा निघणार नाही.

करामाच्या त्या हॉलमध्ये परडी पुढं करून उभी होती, ती मी. चौथी शिकलेली, डाव्या मनगटानं वाकडी, भवानीची आराधीण.