एक्स-रे निघाले तेव्हा बाळ पोटात होतं

“तुम्हांला दिवस गेलेत,” स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

मागच्याच महिन्यात, मूतखड्याच्या कळांसाठी, हुबळीच्या त्याच इस्पितळात माझं आयव्हीपी झालं होतं. म्हणजे शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडांचे एकामागून एक एक्स-रे. तेव्हा दिवस गेल्याचं मलाच ठाऊक नव्हतं.

“किरण थेट पोटावर पडलेत. मूल व्यंग घेऊन जन्मेल. पाडलेलं बरं.”

थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, सोबत होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. किती वर्षांनी कूस उजवली होती!

बाईंनी एक्स-रेच्या डॉक्टरांना बोलावलं. ते भडकलेच. “नुसत्या भीतीपोटी गर्भ पाडायचा? रेडिएशनमधलं तुम्हांला काय कळतं?”

“आणि तुम्ही स्वतःच्या खात्याची चूक झाकताय!”

भांडत ते दोघं होते, पोट माझं होतं. मी म्हटलं, “डॉक्टर, बरोबर कोण ते राहू दे. तुम्हांला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही, तेवढं सांगा.”

मग डॉक्टर खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. “बाई, मी तसं बोलायला नको होतं.”

“मीही,” बाई म्हणाल्या.

मग बोलणं सुरू झालं ते ‘डोस’चं, म्हणजे गर्भापर्यंत पोचलेल्या किरणांच्या मात्रेचं. बाईंनी विचारलं, “मशीन जुनं आहे. जास्त किरण सोडत असलं तर?”

“शंका रास्त आहे. मोजून घेतो. तोवर मी ठाम काही बोलणार नाही.”

मोजणी होईपर्यंत कमरीपेठेतल्या घरात माझ्या घशाखाली घास उतरला नाही. शेजारणीनं डोहाळे विचारले, तर मी रडायलाच लागले.

पुन्हा गेलो तेव्हा दोघं शेजारीशेजारी बसले होते. मात्रा धोक्याच्या पातळीपेक्षा बरीच कमी निघाली होती. बाई म्हणाल्या, “हिशेब मीही तपासला. धोका अजिबात नाही, असं आम्ही म्हणणार नाही. पण एवढ्यावरून पाडा, असं आता मी सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही.”

मी बाळ ठेवलं. धास्ती मात्र शेवटच्या कळेपर्यंत सुटली नाही.

मुलगी झाली. बाईंनी तिची टाळू, पाठ, एकेक बोट तपासलं आणि हसत दाराशी जाऊन कानडीत हाक मारली, “बर्री डॉक्टर, नोड्री!” या, बघा! डॉक्टर आले, वाकून बघत राहिले.

तुमच्या डॉक्टरांची मतं जुळली नाहीत, तर घाबरून कुणा एकाच्या मागे जाऊ नका. दोघांना समोरासमोर बसवा, विचारा. माझी मुलगी आता शाळेत जाते.