ज्या साडीवरून हात निघत नाही

भागवत साडी नेसला की बघत राहावं. जाडजूड मिशी, कपाळाला अष्टगंध, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्यावर नवरीचा शालू. नांदुऱ्याच्या कापडबाजारात अर्जुनराव शेठच्या दुकानी तो गादीवर उभा राहायचा, कमरेला नाडी आवळायचा आणि बोलता बोलता भराभर निऱ्या घालून पदर खांद्यावर टाकायचा. पहिल्यांदा पाहणारं माणूस हसायचं. मग ते हसू आपोआप जिरायचं, कारण समोरच्या आईला त्या मिशीच्या जागी आपली लेक दिसायला लागायची. पदराला तो कधी पीन लावत नसे, आणि त्याचा पदर कधी घसरला असं कोणी पाहिलं नव्हतं.

मिसरूड फुटायच्या वयात तो वडनेर भोलजीहून सायकल मारत या दुकानात आला आणि इथेच त्याचे केस पिकले. बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, दोन्हीकडची माणसं आली, दुकान गच्च भरलं, की शेठ एकच हाक मारायचे, "भागवत." बस्त्यात नवरी बोलत नाही. सासू बोलते, मावशी बोलते, आणि ज्याला कापडातलं ओ की ठो कळत नाही तो चुलतसासरा सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. नवरी मान खाली घालून "तुमी म्हनान ते" एवढंच म्हणते. मग तिच्या मनातली साडी ओळखायची कशी? ती विद्या भागवतला होती. तो नवरीच्या तोंडाकडे बघतच नसे, तिच्या हाताकडे बघत असे.

समीक्षा ही त्याची एकुलती लेक. शाळेत असताना पोरं तिला चिडवायची, "तुहा बाप साडी नेसते." तेव्हा घरी येऊन ती दप्तर आपटायची आणि बापाशी बोलायची नाही. कॉलेजात गेली तशी तिला वेगळीच अक्कल आली. तिनेच त्याला घराच्या ओट्यावर उभं केलं, आईची साडी हातात दिली आणि समोर फोन धरला. फोन सुरू करण्याआधी ती उठून त्याच्या खांद्यावरच्या पदरावरून एकदा हात फिरवायची. पदर नीटच असायचा. तरी फिरवायची, आणि भागवतही तेवढा वेळ गुमान उभा राहायचा.

व्हिडिओ निघू लागले. साडीचा रंग दुकानाच्या लाईटीत नाही, दारातल्या उजेडात पाहा. मानपानाच्या साड्या अशा घ्या की त्या फिरून तुमच्याच घरी येणार नाहीत. बायका पोट धरून हसायच्या आणि पुढे पाठवायच्या. भागवतला बोलायला निमित्त लागत नव्हतंच, आता ऐकणारेही मिळाले. एक दिवस बोलण्याच्या भरात तो थेट दुकानाच्या पोटात शिरला.

"माय-बहिनींनो, एक सांगतो. आमी पयल्या ज्या साड्या उलगडतो ना, त्या इकायच्या नसतात. त्या तुमचे डोये थकवायच्या असतात. नवरीचं पाह्यजान, ते तोंडानं काही बोलत नाही. पन ज्या साडीवरून तिचा हात निघत नाही, ते साडी तिची. आमाले ते समजते. मंग आमी ते ढिगाखाली दाबतो आन् सारे थकले का शेवटी काढतो. मंग कोनी भाव करत नाही."

यात त्याच्या मनात कोणाचं वाईट नव्हतं. आपला धंदा किती खोल आहे हे त्याला कौतुकाने सांगायचं होतं, बस. पण कौतुक करतानाही जिभेला लगाम लागतो, तो देवाने भागवतला दिला नाही. आठवडाभरात हिवरा आश्रमाकडचं एक वऱ्हाड एवढ्या लांबून त्याच दुकानी बस्ता फाडायला आलं. त्यांची म्हातारी गादीसमोर टेकली आणि फोन वर करून म्हणाली, "दादा, डोये थकवायच्या राहू द्या. ते खालची काढा." सगळं दुकान हसलं. शेठही हसले. भागवत तर नुसता फुलून गेला, वेडा.

पण मग जो तो तेच म्हणायला लागला. लोक ढिगाखाली हात घालू लागले, नवरीचा हात कुठे आहे ते सासवा बघू लागल्या. शेजारच्या दुकानदारांनी शेठला टोमणे मारले. एका सकाळी उदबत्ती फिरवून झाल्यावर शेठने त्याला जवळ बोलावलं.

"भागवत, तू असं काऊन केलं?"

"शेठ, म्या खोटं काय बोललो?"

"खोटं बोलला असता तं माफ केलं असतं," अर्जुनराव म्हणाले. "धंदा म्हंजे झाकली मूठ. तू ते भर बाजारात उघडून दाखोली. आता मी काय झाकू?"

व्हिडिओ पुसून टाकतो, असं भागवत म्हणाला. शेठने नुसती मान हलवली. तो एव्हाना घरोघरी पोचला होता, शेठच्या सुनेच्या फोनातही होता. "तू उद्यापासून येऊ नोको," ते म्हणाले, आणि हे त्यांनी त्याच्याकडे न बघता म्हटलं. भागवतच्या पुढ्यात एक साडी उलगडलेली होती. ती त्याने कोपऱ्याला कोपरा जुळवून नीट घडी केली, कपाटात ठेवली आणि मग चपला घातल्या.

घरी समीक्षाने संध्याकाळी सगळे व्हिडिओ काढून टाकले. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, म्या फोन धरला नसता तं हे झालं नसतं."

"फोन तू धरला, तोंड तं माहंच होतं," भागवत म्हणाला. पण ते तिला पटलं नाही. त्या दिवसापासून ती घरात जपून वागू लागली. नवा ड्रेस नको, सणाला काही नको, सगळं "आहे तेच चालते." भागवत बायकोच्या, सुचिताच्या, मशीनजवळ बसून साड्यांना फॉल लावायला शिकला. आजूबाजूच्या गावचे लोक यायचे, आमच्याबरोबर बस्त्याला चला म्हणायचे. तो नाही म्हणायचा. ज्या गादीवर उभं राहिलो तिच्यासमोर गिऱ्हाईक होऊन बसणं त्याच्या जिवावर येत होतं. कामापेक्षा त्याला एकच गोष्ट लागून राहिली होती. जगाच्या पोरींना त्याने त्यांच्या मनातली साडी काढून दिली, आणि आपल्या पोरीच्या वेळी तो त्या गादीवर नसणार.

फाल्गुनात समीक्षाचं धामणगाव बढ्याच्या सागरशी ठरलं. बस्ता दोन्ही घरांनी निम्मानिम्मा करायचा असं बोलणं झालं. समीक्षाच्या शालूचे पैसे सुचिताने फॉल-पिकोच्या कमाईतून कधीच बाजूला काढले होते आणि कितीही ओढाताण झाली तरी त्यांना हात लावला नव्हता. हे पोरीला दहादा सांगून झालं. तिला वाटे, पैसे नाहीतच, आईबाप आपली समजूत घालतात. बस्ता कुठे फाडायचा ते सागरच्या आईने, वच्छलाबाईंनी, ठरवलं. त्यांच्या घरचे सगळे बस्ते अर्जुनराव शेठकडचेच.

"इवाई, तुमी संगं असल्यावर आमाले कोन फसवते?" वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी एकूण एक व्हिडिओ पाहिला होता. भागवतला नाही म्हणता येईना.

दुकानात शिरताना सवयीने त्याचा पाय आतल्या बाजूला वळला. मग तो थांबला आणि सुचिता, समीक्षा, वच्छलाबाई, सागर या सगळ्यांबरोबर अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला बसला. तेवढ्यात गल्ल्यावरून अर्जुनराव उठले. गुडघ्यांमुळे ते कित्येक वर्षांत गादीवर बसले नव्हते. आज बसले. "या पोरीचा बस्ता मीच दाखोतो," म्हणाले आणि एकेक साडी उलगडू लागले.

आता गंमत अशी की सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला. साडीकडे कोणी बघेना, जो तो समीक्षाच्या हाताकडे बघतोय. आणि समीक्षाने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतलेले.

"हात बाहीर काढ वं पोट्टे," वच्छलाबाई हसून म्हणाल्या.

"थंडी वाजते," समीक्षा म्हणाली. बाहेर चैत्राचं ऊन रस्ता भाजत होतं.

शेठ दाखवत राहिले. अंजिरी, मोरपंखी, डाळिंबी, कुसुंबी. गादीवर ढीग झाला. शेवटी समीक्षाने हनुवटीनेच एक साधी, बिनकाठाची म्हणावी इतक्या बारीक काठाची साडी दाखवली. "हे चालते."

पोरीने हात कोणापासून लपवलेत ते भागवतला कळलं. सासूपासून नाही, शेठपासून नाही, बापापासून. ज्या विद्येची त्याने भर बाजारात दवंडी पिटली, तीच आता त्याच्या लेकीने त्याच्यावर उलटवली होती, आणि तीही त्याच्याच मायेपोटी. आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं तरी कोणावर? ती ही साधी साडी नेसून बोहल्यावर उभी राहील, हसेल, आणि तिला खरी कोणती आवडली होती ते त्याला जन्मभर कळणार नाही. तो बसल्या जागी कासावीस झाला.

"शेठ," तो म्हणाला, "एकदोन नेसून दाखू का?"

अर्जुनराव त्याच्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून ते बाजूला सरकले, आणि कपाटाच्या खिळ्याला टांगलेली नाडी त्यांनी काढून दिली. ती भागवतचीच होती, अजून तिथेच होती.

तो गादीवर उभा राहिला. आधी अंजिरी नेसला. हात काही विसरले नव्हते, निऱ्या पटापट पडल्या. पण पदर त्याने खांद्यावर सैल टाकला, पार दंडावर ओघळेल असा. शेठच्या भुवया वर गेल्या. भागवतचा पदर ओघळतो म्हणजे काय?

"बाबा, पदर," समीक्षा जागेवरूनच म्हणाली.

त्याने ती सोडली, कुसुंबी घेतली. पुन्हा पदर तसाच. "बाबा, पदर," ती पुन्हा म्हणाली, आणि हलली नाही. मग त्याने डाळिंबी उचलली. हिरवे काठ, अंगभर बारीक बुट्टी. तो नेसत असतानाच समीक्षा मान वर करून बघू लागली. त्याने पदर खांद्यावर टाकला आणि तो घसरू दिला.

समीक्षा उठली. ओट्यावर उठायची तशीच, कोणाला न विचारता. ओढणी मागे पडली, दोन्ही हात बाहेर आले. तिने पदर वर घेतला, त्याच्या चुण्या एकावर एक बसवल्या, बापाच्या खांद्यावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला. मग हात तिथेच राहिला.

भागवतला तो खांद्यावर जाणवत होता. तो निऱ्या धरून उभा राहिला, त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. वच्छलाबाईंनी सागरला कोपर मारलं. सुचिताने पदर डोळ्यांना लावला. आपला हात कुठे आहे ते समीक्षाच्या ध्यानात आलं, पण आता काढून उपयोग नव्हता.

"बाबा, हे नोको," ती हळूच म्हणाली. "खरंच नोको."

"मले नोको सांगू," भागवत म्हणाला. "हाताले सांग."

मग मात्र तिला आवरेना. तिने कपाळ बापाच्या खांद्यावर टेकलं आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. भागवतच्याही मिशीतून पाणी वाहत होतं. पण इतक्या वर्षांची सवय, त्याने पदर दोन बोटांनी अलगद तिच्या डोळ्यांपासून दूर धरला.

"पोरी, शालू ओला होते. शेठचा माल हाय तो."

अर्जुनरावांनी पुढ्यातला साड्यांचा ढीग दोन्ही हातांनी बाजूला सारला. त्या ढिगाखाली आता काही दाबायचं नव्हतं.

"होऊ दे ओला," ते म्हणाले. "तिचा हात पडला तवाच तो तिचा झाला."