इंजिनाचा पोचा

छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनात काचेमागे वीतभर लांबीचं पिवळं डिझेल इंजिन उभं होतं. आमच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या ओढायला विलायतेहून आलेलं, हुबेहूब तेच. समोरच्या पट्टीवर पोचासुद्धा होता.

ते बनवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, जुन्या फोटोत दिसला, म्हणून केला. होतं तसंच दाखवायचं."

शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ड्रायव्हर भिकोबाच्या चुकीने फाटकाला धडक.' कारखान्याच्या अहवालातलं ते वाक्य माझंच.

त्या इंजिनाच्या लांब नाकाडामुळे ड्रायव्हरला जवळचं दिसत नसे. खाली उभ्या माणसाच्या हिरव्या झेंड्यावर विश्वास ठेवूनच तो निघायचा. त्या दिवशी सुपरवायझर म्हणून झेंडा माझ्या हातात होता. गप्पांच्या नादात, फाटक उघडलंय का हे न बघताच मी तो हलवला.

चौकशीत भिकोबांनी विचारलं, "साहेब, झेंडा हिरवाच होता ना?" मी नजर चुकवून 'नाही' म्हणालो. त्यांची नोकरी गेली. आता तेही नाहीत.

नखाएवढा पोचा खरा उतरावा म्हणून या मुलीने किती रात्री घालवल्या असतील. मला फक्त एक शब्द खरा बोलायचा होता.

"पोरी, चिठ्ठी चुकली आहे. भिकोबांचं नाव खोड."

"मग कोणाचं लिहू?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिने ते लिहिलं आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर चुकवली नाही.